‘घट-तूट’ या सदराखाली

रेल्वेच्या कोणत्याही मोठ्या मालधक्क्यावर गव्हाची किंवा तांदळाची मालगाडी रिकामी होत असताना एक दृश्य हमखास दिसते. वाघिणींची दारे उघडतात, हमालांच्या रांगा पाठीवर पोती घेऊन मालमोटारींकडे लगबगीने निघतात आणि त्यांच्या मागोमाग केरसुणी, सूप व एखादे जुने पोते घेतलेल्या काही बाया धक्क्याच्या कडेला येऊन बसतात. फाटक्या पोत्यांतून सांडलेला दाणा त्या झाडून गोळा करतात, पाखडतात, खडे वेचतात आणि संध्याकाळी गाठोडे बांधून घरी नेतात. पहारेकरी कधी त्यांना हाकलतो, कधी काणाडोळा करतो. देशाच्या अन्नव्यवस्थेतील नासाडी उघड्या डोळ्यांनी दिसावी अशी ठिकाणे फार थोडी आहेत. त्यांपैकी हे एक. येथे सांडलेला दाणा निदान माणसाच्या पोटात तरी जातो. गोदामाच्या अंधारात किडीने पोखरलेला, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बुरशीने काळवंडलेला किंवा वाटेतच कोठे तरी ‘कमी भरलेला’ दाणा मात्र कोणालाच दिसत नाही. सरकारी दप्तरात त्याच्यासाठी एक सौम्य आणि निरुपद्रवी शब्द राखून ठेवलेला आहे: घट-तूट.

या शब्दाला कर्ता नाही, हेच त्याचे मोठे सोयीचे लक्षण आहे. धान्य घटते, धान्य तुटते. ते कोणी घटवले आणि कोणाच्या ताब्यात असताना तुटले, हा प्रश्न त्या सदराखाली नोंद होताच संपतो. अन्नधान्याच्या नासाडीची चर्चा आपल्याकडे गोदामे अपुरी, निधी अपुरा, पाऊस अवेळी अशा अंगाने होत असते. त्यात तथ्य आहेच. परंतु रोगाचे मूळ त्याहून खोल आहे. शेतकऱ्याच्या खळ्यापासून शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीपर्यंत पोहोचेतो धान्य अनेक हातांतून जाते आणि त्यांपैकी एकाही हाताला ते आपले वाटत नाही.

ही व्यवस्था उभी राहिली ती अत्यंत कठीण काळात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९५६ साली अमेरिकेशी ‘पीएल-४८०’ खाली धान्याचा करार झाला आणि पुढची दहा वर्षे देशाचा घास परदेशी जहाजांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिला. १९६५ चे युद्ध आणि १९६५-६६, १९६६-६७ या लागोपाठच्या दुष्काळांनी त्या परावलंबनाची नामुष्की साऱ्या देशाला जाणवून दिली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लाखो घरांनी ते पाळले. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली ती याच काळात, जानेवारी १९६५ मध्ये. सी. सुब्रह्मण्यम यांच्यासारखा कर्तबगार अन्नमंत्री, कृषिशास्त्रज्ञांची जिद्द आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याचे कष्ट यांतून हरितक्रांती घडली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी मिलो खाल्ला. त्यानंतर तशी वेळ आली नाही. हे यश लहान नव्हे. परंतु या यशाने एक सवयही लावली. देश धान्य पिकवायला शिकला, विकत घ्यायला शिकला. मात्र घेतलेले जपून ठेवणे हे दुय्यम, कारकुनी काम मानले गेले. विक्रमी उत्पादनाची घोषणा होते, विक्रमी खरेदीची घोषणा होते. विक्रमी जपणुकीची घोषणा कोणत्याही सरकारने केल्याचे ऐकिवात नाही.

एका पोत्याचा प्रवास पाहिला म्हणजे या म्हणण्याचा अर्थ ध्यानात येईल. एप्रिलच्या मध्यावर पंजाबातील खन्ना येथील बाजार, जो आशिया खंडातील सर्वांत मोठा धान्यबाजार म्हणून ओळखला जातो, गव्हाच्या राशींनी भरून जातो. अवघ्या काही आठवड्यांत साऱ्या हंगामाची खरेदी उरकायची असते. गहू भरला जातो तो तागाच्या पोत्यांत, कारण १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाच्या वेष्टनाचे बंधन घातले आहे. ताग उत्पादक शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या दृष्टीने त्या कायद्यामागील हेतू समजण्यासारखा आहे आणि ताग प्लॅस्टिकपेक्षा चांगला, यातही शंका नाही. पण पोत्याला प्रतवारीसाठी नमुना काढणारी टोकदार नळी, म्हणजे परखी, टोचली जाते. हमालाच्या हातातील लोखंडी आकडा प्रत्येक चढ-उताराला त्याला नवे भोक पाडतो. आणि बाजार ते गोदाम, गोदाम ते वाघीण, वाघीण ते मालमोटार, मालमोटार ते दुसरे गोदाम, तेथून शिधावाटप दुकान असा हा चढ-उताराचा क्रम संपेपर्यंत पोत्याची चाळण झालेली असते. आकडा वापरू नये, असे नियम सांगतात. परंतु मालगाडी ठरावीक तासांत रिकामी झाली नाही तर रेल्वे विलंबशुल्क आकारते. घाई कोणाची आणि नुकसान कोणाचे, याचा येथे काहीच मेळ नाही. हमालाला दोष देणे सोपे आहे. पाठीवर ५० किलोचे ओझे घेऊन उन्हात धावणाऱ्या त्या माणसाला मजुरी पोत्यामागे मिळते, पोत्यातील दाण्यामागे नव्हे.

बंद गोदामात जागा मिळाली तर त्या पोत्याचे नशीब थोर. नाही मिळाली तर उंच ओट्यावर लाकडी चौकटी मांडून त्यावर पोत्यांची थप्पी रचायची, वरून जाड काळे प्लॅस्टिक ओढायचे आणि दोरांनी आवळायचे, अशी एक पद्धत आहे. मूळ कल्पनेत ती तात्पुरती होती. दोन-तीन महिन्यांची सोय एवढाच तिचा दावा होता. पंजाब आणि हरियाणात मात्र गव्हाने अशा ओट्यांवर एकामागून एक पावसाळे काढले. आच्छादन वेळोवेळी उघडून हवा द्यावी लागते, नाहीतर आत उष्णता आणि बाष्प कोंडते. उघडले आणि वळीव आला तर गहू भिजतो. वाऱ्याने प्लॅस्टिक फाटले तर कडेची पोती काळी पडतात, मोड येतात. साध्या गृहिणीलाही ठाऊक असते की ओल लागलेला दाणा चांगल्या दाण्यांत ठेवू नये. थप्पीत मात्र ओले पोते आणि कोरडे पोते एकाच छताखाली, किंबहुना छत नसताना, शेजार करून राहतात. दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला मोकळे रान मिळते. त्यातील काही बुरशी अशी विषे निर्माण करतात, जी दळल्याने वा शिजवल्यानेही पूर्णपणे जात नाहीत. सोंडे, खापरा भुंगेरा, दाणा आतून पोखरणारे किडे आणि तांदळातले पतंग यांचा बंदोबस्त विषारी धुरीने करता येतो, पण धुरी दिली जाते ती हवाबंद आच्छादनाखाली. ठिगळे लावलेल्या प्लॅस्टिकखाली दिलेली धुरी किडीला मारत नाही; जगलेल्या किडीच्या पुढच्या पिढ्यांना मात्र ती त्या औषधाला दाद न देण्याची ताकद देते.

यातही एक गंमत आहे, आणि ती गंमत समजली तर नासाडीचे आकडे नेहमी इतके लहान का दिसतात याचा उलगडा होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आलेला गहू पावसाळ्यात हवेतील बाष्प शोषून घेतो आणि त्याचे वजन वाढते. म्हणून सरकारी हिशेबात साठवलेल्या गव्हावर काही ‘वजनवाढ’ गृहीत धरली जाते. तांदूळ त्याच्या उलट सुकत जातो, म्हणून त्याला काही घट मान्य केली जाते. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. परंतु एखाद्या कोठारात शंभर पोत्यांमागे अर्धे पोते किडीने खाल्ले, आणखी अर्धे पोते रात्रीत बाहेर गेले आणि तेवढेच वजन ओलाव्याने भरून आले, तर वहीत घट शून्य दिसते. वजनकाट्याला पाणी आणि पीठ यांतला फरक कळत नाही. पोत्यांवर पाणी मारून वजन ‘राखण्याचे’ प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत ते यामुळेच. ज्या ओलाव्याने पुढे दाणा कुजणार, तोच ओलावा तूर्त हिशेब जुळवून देतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे आंधळ्याच्या हाती काटाही दिलेला आहे.

मग पोते वाघिणीत चढते. शेकडो कोसांचा प्रवास करून ते मनमाडला किंवा पनवेलला येते. पाठवणाऱ्या ठिकाणी पोती मोजली, येथे पुन्हा मोजली. तेथे एका काट्यावर वजन झाले, येथे दुसऱ्या. मधल्या प्रवासात कमी आले तर रेल्वेकडे बोट दाखवावे म्हटले, तर रेल्वेची पावती ही बहुधा ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार इतकी पोती’ अशा भाषेतली असते. म्हणजे रेल्वेने ती मोजलेली नाहीत. सबब रेल्वे जबाबदार नाही. पाठवणारे गोदाम म्हणते, पूर्ण माल पाठवला. घेणारे गोदाम म्हणते, जेवढा आला तेवढा घेतला. वाहतूकदार म्हणतो, दोर आणि कुलूप शाबूत होते. प्रत्येकाचे म्हणणे कागदावर खरे ठरते आणि मधल्या मध्ये नाहीसे झालेले धान्य ‘प्रवासातील तूट’ म्हणून नोंदले जाते, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने निर्लेखित होते. व्यापाऱ्याच्या घरचे पोते असे हरवले असते तर त्याने त्या रात्री झोप घेतली असती काय?

एकूण नासाडी किती, या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. जुलै २०१० मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की अन्न महामंडळाच्या गोदामांत सुमारे ११ हजार ७०० टन धान्य खराब झालेले आढळले. त्याआधी २००८ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराने दहा वर्षांत १० लाख टनांहून अधिक धान्य महामंडळाच्या गोदामांत नासल्याचे उघड केले होते. लुधियाना येथील केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तृणधान्यांची नासाडी साडेचार ते सहा टक्क्यांच्या दरम्यान आढळली. २०२२ मध्ये नाबार्डच्या सल्लागार संस्थेने केलेल्या पाहणीत गव्हाची नासाडी ४.१७ टक्के आणि भाताची ४.७७ टक्के निघाली.

हे आकडे परस्परविरोधी वाटतात, तसे ते नाहीत. पहिला आकडा केवळ त्या धान्याचा आहे, जे माणसाला देण्यास अयोग्य म्हणून अधिकृतपणे जाहीर झाले. अशा धान्याची पुढे प्रतवारी होते: गुरांचे खाद्य, कोंबड्यांचे खाद्य, कारखान्यात वापरण्याजोगे, खतात घालण्याजोगे आणि शेवटी पुरून टाकण्याजोगे. या शिडीवर पाऊल पडेपर्यंत धान्य कागदावर उत्तमच असते. पाहणीच्या आकड्यात शेतातील कापणी, मळणी, वाळवणीपासून घरातल्या कणगीपर्यंतचे सगळे नुकसान येते. त्यातला मोठा वाटा शेतावरच्या कामांचा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु टक्केवारीची भाषा फसवी आहे. २०२०-२१ मध्ये देशात जवळजवळ ११ कोटी टन गहू पिकला. त्याचे ४.१७ टक्के म्हणजे सुमारे ४५ लाख टन. महाराष्ट्रात एका हंगामात जेवढा गहू पिकतो, त्याहून हे प्रमाण खचितच अधिक आहे. आणि जो आकडा क्षुल्लक म्हणून संसदेत ठेवला गेला, त्या ११ हजार ७०० टनांचे काय? अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. वर्षाचे ६० किलो. त्या मापाने तो ‘क्षुल्लक’ साठा सुमारे १ लाख ९५ हजार माणसांचा वर्षभराचा शिधा होता. १० लाख टनांचा हिशेब केला तर उत्तर दीड कोटी माणसांच्या पलीकडे जाते.

धान्य नासते ते केवळ पावसाने आणि किडीने नव्हे, धोरणानेही नासते. १ जुलै २००२ रोजी सरकारी साठा ६ कोटी ३० लाख टनांवर पोहोचला होता. आवश्यक साठ्याचे प्रमाण त्या वेळी २ कोटी ४३ लाख टन होते. त्याच सुमारास, २००१ मध्ये, राजस्थानातील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती आणि तिचा सूर एवढाच होता की कोठारे ओसंडत असताना माणसे उपाशी का? वाजपेयी सरकारने डिसेंबर २००० मध्ये सुरू केलेली अंत्योदय अन्न योजना हे त्या दिशेचे खरे पाऊल होते, पण साठ्याचा डोंगर तेवढ्याने हलणारा नव्हता. मग त्यातला मोठा भाग सवलतीच्या दराने परदेशी निर्यात झाला. पुढे मनमोहन सिंग सरकारच्या काळात, २००६ मध्ये, साठा इतका आटला की ५० लाख टनांहून अधिक गहू आयात करावा लागला. स्वस्तात विकून महागात घेण्याचा हा व्यवहार कोणत्या पक्षाच्या कारकिर्दीत किती झाला, हा वाद येथे गौण आहे. साठा कधी मोकळा करायचा याचा निर्णय दाण्याचे वय पाहून होत नाही, हा त्यातला बोध घेण्यासारखा भाग आहे.

२०१० चा वाद अनेकांच्या स्मरणात असेल. पंजाब-हरियाणातील कुजणाऱ्या गव्हाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धान्य कुजू देण्यापेक्षा ते गरिबांना मोफत द्या, असे सरकारला सुनावले. कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती त्या वेळी शरद पवार यांच्याकडे होती. त्याच वर्षीच्या जुलैत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते. न्यायालयाचे म्हणणे ही सूचना आहे आणि ती व्यवहार्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. ३१ ऑगस्टला न्यायालयाने स्पष्ट केले की ती सूचना नव्हती, आदेश होता. त्यावर ६ सप्टेंबरला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी, न्यायालयाने धोरणाच्या क्षेत्रात उतरू नये, असे मत व्यक्त केले. घटनात्मक तत्त्व म्हणून पंतप्रधानांचे विधान चूक होते, असे म्हणता येणार नाही. मोफत वाटायचे म्हटले तरी पंजाबातला गहू ओडिशातल्या वा मेळघाटातल्या पाड्यावर नेण्यासाठी वाघिणी, गोदामे आणि माणसे लागतात, हेही खरे. पण न्यायालयाने जो साधा प्रश्न विचारला होता, तो धोरणाचा नव्हताच. जे धान्य करदात्याच्या पैशाने घेतले, ते सांभाळता का येत नाही, एवढेच त्याला विचारायचे होते. त्याचे उत्तर त्या सगळ्या शाब्दिक चकमकीत कोणीही दिले नाही. दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, साठा ८ कोटी टनांच्याही वर गेला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये अन्न महामंडळाच्या साठवणूक आणि वाहतूक व्यवस्थेवर जो अहवाल दिला, त्यात साठा आणि उपलब्ध कोठारे यांतील अंतर वर्षागणिक कसे रुंदावत गेले ते नमूद आहे.

साठवणुकीचे शास्त्र आपल्याला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्ष या अधिकाऱ्यासाठी एक संपूर्ण अध्याय आहे. आलेल्या धान्याचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी राखावा, उरलेला वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे भरत जावे, असे तो सांगतो. धान्य जमिनीपासून उंचावर ठेवावे, कोणते धान्य कांडल्यावर, भरडल्यावर, शिजवल्यावर किती घटते वा वाढते याची प्रमाणेही तो देतो. म्हणजे घट किती मान्य करायची हे त्यानेही ठरवले होते. फरक एवढाच की त्याच्या व्यवस्थेत त्या घटीपुढे अध्यक्षाचे नाव होते. उंदरांच्या उपद्रवावर मांजरे आणि मुंगसे सोडावीत, असेही त्याने सांगून ठेवले आहे, आणि देशातील कित्येक गोदामांत हा एकच उपाय आजही बिनतक्रार अमलात आहे! गोरखपूरजवळचा सोहगौरा ताम्रपट आणि आता बांगलादेशात असलेल्या महास्थानचा शिलालेख यांत संकटकाळासाठी राखलेल्या कोष्ठागारांचे उल्लेख आहेत.

महाराष्ट्राच्या घराघरांतली कणगी, बळद आणि पेव ही त्याच परंपरेची लोकरूपे होत. शेणामातीने लिंपलेली कणगी, त्यात कडुनिंबाचा पाला आणि राख, भरण्याआधी दाण्याला कडकडीत ऊन. हे सारे करणाऱ्या बाईला धान्याची वर्षाची तूट विचारली असती तर तिने पायलीच्या मापात सांगितली असती. अर्थात जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. पेवातला दाणा पाणी शिरताच जातो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेक निकामी केली. आणि कोट्यवधी टनांचा साठा कणगीत मावत नाही. तिथे आधुनिक तंत्रच हवे.

ते तंत्र उपलब्ध आहे आणि त्याची निकड सरकारला फार पूर्वीच पटलेली होती. धान्याची हाताळणी, साठवण आणि वाहतूक यांसाठी राष्ट्रीय धोरण २००० साली जाहीर झाले. पोत्यांऐवजी सुटे धान्य थेट उंच पोलादी कोठारात घ्यायचे, तेथे तापमान आणि ओलावा यांवर यंत्राने लक्ष ठेवायचे आणि खास वाघिणींतून ते सुटेच दुसऱ्या कोठारात पोहोचवायचे, अशी ती योजना होती. आकडा नाही, परखी नाही, बारदान नाही. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल येथे प्रत्येकी २ लाख टनांची अशी कोठारे २००७ मध्ये सुरू झाली. तेथील गहू चेन्नई, कोइमतूर, बंगळुरू, हुगळी आणि नवी मुंबई येथील कोठारांत उतरू लागला. मोग्याच्या शेतकऱ्याची ट्रॉली पूर्वी बाजारात दिवसचे दिवस ताटकळत असे, तेथे ती काही तासांत मोकळी होऊ लागली. तांदळाच्या बाबतीत हे तंत्र गव्हाइतके सोपे नाही, कारण सडलेला तांदूळ तुटतो; तो भाताच्या रूपात, टरफलासह ठेवणे अधिक सुरक्षित. पण गव्हाच्या बाबतीत शंकेला जागा उरली नव्हती. तरीही ही कोठारे इतर राज्यांत पसरण्यास वर्षानुवर्षे लागली. ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात २००० चे धोरण आले, त्याच शांता कुमार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा तेच सांगितले: उघड्या ओट्यांवरची साठवण टप्प्याटप्प्याने बंद करा, तीन महिन्यांहून अधिक काळ धान्य तेथे ठेवू नका, वाहतूक पोत्यांकडून सुट्या धान्याकडे आणि पेट्यांकडे न्या. एका माणसाला पंधरा वर्षांनी स्वतःचीच शिफारस पुन्हा करावी लागावी, यातच सारे आले. तेव्हापासून उघड्यावरची साठवण कमी झाली आहे, संपलेली नाही.

३१ मे २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकार क्षेत्रातील धान्य साठवण योजनेला मान्यता दिली. पाच वर्षांत ७ कोटी टनांची नवी क्षमता गावपातळीवरच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांमार्फत उभी करायची, असा तिचा संकल्प आहे. योजनेच्या वेळी दिलेल्या माहितीनुसार देशाचे धान्य उत्पादन ३१ कोटी टनांच्या आसपास आणि साठवण क्षमता साडेचौदा कोटी टन, म्हणजे निम्म्याहूनही कमी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा राज्यांतील अकरा संस्थांची गोदामे प्रायोगिक म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातील गोदाम अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईच्या विविध कार्यकारी संस्थेचे, ३ हजार टनांचे आहे. ज्या जिल्ह्याचे नाव मेळघाटातील बालकांच्या कुपोषणामुळे देशभर झाले, त्याच जिल्ह्यात हे व्हावे, हा योग अर्थपूर्ण आहे.

या योजनेची दिशा बरोबर आहे. धान्य जिथे पिकते तिथेच ठेवावे, तिथल्याच दुकानांतून वाटावे. पंजाबात नेऊन परत आणण्याचा द्राविडी प्राणायाम टळला की चढ-उतार कमी होतात आणि पोत्याची भोकेही. शेतकऱ्यालाही हंगामात मिळेल त्या भावाने विकण्याची सक्ती उरत नाही. गोदामाची पावती तारण ठेवून तो कर्ज काढू शकतो. परंतु महाराष्ट्राला सहकाराचा अनुभव दोन्ही प्रकारचा आहे. ज्या संस्थेचा सचिव दोन-तीन गावांचे दप्तर एकाच पिशवीत घेऊन फिरतो, तिच्याकडे ३ हजार टन धान्य सोपवताना ओलावा मोजणारे यंत्र आणि ते वापरणारा प्रशिक्षित माणूसही सोपवावा लागेल. उत्तर प्रदेशातील हापूड येथे धान्य साठवणुकीच्या संशोधनाची आणि प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था कितीतरी दशकांपासून आहे. तिचा अभ्यासक्रम तालुक्यापर्यंत आणि मराठीत आल्याशिवाय नव्या गोदामांतही सोंडेच राज्य करतील.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खर्चाची नाही, नोंदीची आहे. धान्य एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात जाताना प्रत्येक वेळी वजनाबरोबर ओलाव्याचीही नोंद झाली, तर ओलाव्याने भरून काढलेली चोरी त्याच दिवशी पकडता येते. रेल्वेने मोजून घेतले आणि मोजून दिले, तर पावतीवरचे ‘सांगण्यानुसार’ हे शब्द काढून टाकता येतात. विलंबशुल्काचा नियम जसा तासांवर आहे, तसा तो फाटलेल्या पोत्यांवरही लावता येतो. हमालीचा दर ठरवताना अखंड पोहोचलेल्या पोत्याला दोन पैसे अधिक देता येतात. प्रत्येक गोदामाची घट-तूट, त्या काळातील ताबेदार अधिकाऱ्याच्या नावासह, शिधावाटप दुकानाच्या फलकावर लावण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. आज शिधापत्रिकाधारकाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन त्याच्या पाच किलोंचा हिशेब यंत्रावर ठेवला जातो. २ हजार ६०० टनांची मालगाडी मात्र अजूनही परस्परांच्या शब्दावर सुटते.

हे सगळे झाले नाही तर काय होते, हे पाहायला संसदेत जाण्याची गरज नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही शिधावाटप दुकानातून घरी आलेल्या तांदळाची पिशवी उघडून पाहावी. ८१ कोटी लोकांना हे धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते आणि ही मोठीच गोष्ट आहे. ते घरी आले की घरातली बाई ते सुपात घेते, पाखडते, खडे वेचते, सोंडे निघावेत म्हणून उन्हात पसरते, पुन्हा पाखडते. पाच किलोंतून जे उरते ते शिजते. तिच्या सुपातून खाली पडते त्याची नोंद ठेवणारे सदर मात्र अद्याप कोणत्याही वहीत नाही.